फोटो भरपूर झाले, आता नोंदी हव्यात: आयर्लंडमधल्या मराठी रेल्वेप्रेमींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे इथे नोकरी-शिक्षणानिमित्त राहणारी मराठी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत. त्यांतले रेल्वेप्रेमी सुट्टीच्या दिवशी कुठल्या फलाटावर सापडतील हे वेगळं सांगायला नको. 071 वर्गाच्या डिझेल इंजिनांचे व्हिडिओ, डब्लिन–बेलफास्ट धावणारी एंटरप्राइज गाडी, ब्रे हेडच्या कड्यावरून जाणारी डार्ट (डब्लिनची विजेवरची लोकल), हे सगळं तुम्ही मनापासून टिपता आणि ते पाहायला छानच वाटतं. मात्र त्यातलं बहुतेक साहित्य दहा वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडणार नाही. गाडी कुठल्या मैलावर होती, फलाटाची कुठली बाजू दिसते आहे, मागचा सिग्नल कुठल्या केबिनचा (सिग्नल चालवायच्या खोलीचा), तारीख कोणती, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून ही विनंती: गाडीबरोबर स्थानकाची आणि लाइनचीही नोंद ठेवा, आणि ती जागा, दिशा, क्रमांक, तारखेसह लेखी ठेवा.

अशा नोंदीची किंमत काय असते ते मॅलाहाइडच्या पुलाने दाखवलं आहे. डब्लिन–बेलफास्ट लाइनवर मॅलाहाइडच्या उत्तरेला खाडी ओलांडणारा हा पूल 1844 साली लाकडात बांधला गेला, 1860 मध्ये लोखंडी झाला आणि 1960च्या दशकात त्यावर काँक्रीटचे गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) बसले. त्याचे दगडी खांब उभे आहेत ते खाडीत टाकलेल्या दगडांच्या बांधावर. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी या बांधावरून समुद्राकडे धावतं आणि दगड ओढून नेतं. त्यामुळे तिथे ठरावीक काळाने नवे दगड टाकत राहावे लागत. 21 ऑगस्ट 2009 च्या शुक्रवारी संध्याकाळी बॉलब्रिगनहून डब्लिनकडे निघालेल्या लोकलच्या चालकाला पलीकडची लाइन खचताना दिसली. तो गाडी पार घेऊन गेला, लगेच कळवलं, आणि त्यानंतर चौथा खांब व त्यावरचे गाळे पाण्यात गेले. जीवितहानी झाली नाही. पूल पुन्हा सुरू व्हायला 16 नोव्हेंबर उजाडला.

रेल्वे अपघात चौकशी विभागाच्या अहवालातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली: खाडीत होड्या घेऊन जाणाऱ्या सी स्काउटच्या स्थानिक प्रमुखाने पाण्याचा प्रवाह बदलल्याचं काही दिवस आधीच कळवलं होतं. त्यावरून मंगळवारी पाहणीही झाली, पण बांधाखालची झीज तिच्यात ओळखली गेली नाही. दुसरी: बांधाला दगडांची सतत भर लागते हे ज्यांना ठाऊक होतं ते कर्मचारी निघून गेले आणि त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली. अहवालाने हे कारण स्पष्ट शब्दांत नोंदवलं आहे. आपल्यासारख्या बाहेरून पाहणाऱ्यांच्या वह्यांची जागा नेमकी इथे आहे, पण त्यासाठी त्या वह्या नीट हव्यात. ‘पुलाजवळ पाणी जोरात वाहतंय’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या टोकापासून मोजून कितवा खांब, समुद्राकडची बाजू की खाडीकडची, भरती होती की ओहोटी, किती वाजले होते, मागच्या वेळी तिथे काय दिसलं होतं, एवढं असेल तर इंजिनिअरला थेट त्या दगडापाशी जाता येतं.

आता जागा कशी लिहायची ते पाहू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मुंबईत वाढलेल्यांना ओव्हरहेड वायरच्या खांबांचे क्रमांक वाचायची सवय असते. आयर्लंडमध्ये डार्टचा भाग सोडला तर रेल्वेलाइनवर डोक्यावर वायरच नाही. तिथे आधार घ्यायचा मैलाच्या खांबांचा. हे खांब दर पाव मैलाला, म्हणजे 440 यार्डांवर असतात. कॉर्क लाइनवर अंतर डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकापासून मोजलं जातं. सगळ्या लाइनचा शून्य मैल मात्र एकाच जागी नाही, म्हणून नोंदीत लाइनचं नाव आधी लिहा, मैल नंतर. अप म्हणजे डब्लिनकडे, डाऊन म्हणजे डब्लिनपासून दूर. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हे शब्द वहीतून काढूनच टाका. उदाहरणादाखल नोंद अशी दिसेल: ‘कॉर्क लाइन, मैल 107 च्या खांबापासून कॉर्कच्या दिशेने अंदाजे 60 यार्ड, डाऊन बाजू, जुन्या सायडिंगचा बफर, लाकूड कुजलेलं.’ (सायडिंग म्हणजे गाड्या उभ्या करायचा बाजूचा रूळ, बफर म्हणजे त्याच्या टोकाचा अडथळा.) अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहाच. मोजलेलं आणि नजरेने ठरवलेलं एकाच सुरात लिहिलं की पुढचा वाचणारा फसतो.

याच खांबांवरून वेगही काढता येतो. पाव मैल पार करायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहा आणि 900 ला त्या संख्येने भागा, उत्तर ताशी मैलांत मिळतं. 15 सेकंद म्हणजे 60 मैल, 9 सेकंद म्हणजे 100 मैल. आयरिश रेल्वेचा कारभार अजून मैलांतच चालतो, तेव्हा वहीत मैलच ठेवा. किलोमीटर करून लिहिलेला आकडा पुन्हा मैलात आणताना घसरतो.

पुलांना स्वतःचे क्रमांक असतात. रस्त्यालगत दिसणाऱ्या फलकावर ‘यूबी’ म्हणजे रुळांखालचा आणि ‘ओबी’ म्हणजे रुळांवरचा पूल, अशा अक्षरांनंतर आकडा येतो आणि खाली संपर्काचा फोन क्रमांक असतो. फाटकांनाही असेच क्रमांक आहेत. दगड सुटलेला, कठडा फुटलेला, ट्रकने पुलाला धडक दिलेली दिसली तर आधी त्या फोनवर पुलाचा क्रमांक सांगायचा. फोटो, ग्रुप, चर्चा हे सगळं त्यानंतर.

सिग्नलकडे वळतो, कारण इथे वेळ सर्वांत कमी उरला आहे. केबिनमधल्या लिव्हरने (दांड्याने) तार ओढून हलवायचे, खांबावर पट्टी असलेले सेमाफोर सिग्नल ज्या मोजक्या लाइनवर टिकून राहिले त्यांत दोन ठळक आहेत. एक बॅलीब्रोफीहून रॉस्क्रे, नीना, बर्डहिल, कॅसलकॉनेलमार्गे लिमरिकला जाणारी, आणि दुसरी लिमरिक जंक्शनहून टिपरेरी, केअर, क्लॉनमेल, कॅरिक-ऑन-शूरमार्गे वॉटरफर्डला जाणारी. दोन्हींवर गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून ठेवा. एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला.

सिग्नलच्या या पट्टीला हात म्हणतात, आणि इथले बहुतेक हात खाली झुकणारे आहेत. हात आडवा म्हणजे थांबा, तिरपा खाली म्हणजे जा. पाहताना हात किती झुकतो ते लक्ष देऊन पाहा. केबिनपासून सिग्नलपर्यंत शेकडो यार्ड तार गेलेली असते. उन्हात ती लांबते आणि हात अर्धवट झुकून राहतो, मग केबिनवाला तार ताणून घेतो. थंडीत उलटं होतं. दुपारचा फोटो आणि सकाळचा फोटो यांतल्या हाताच्या कोनात फरक दिसला तर तो यामुळेही असू शकतो, म्हणून वेळ आणि हवामान लिहिणं गरजेचं आहे.

केबिनमध्ये शिरायचं नाही, पण फलाटावरून खिडकीतून लिव्हरची रांग बहुधा दिसते. लाल लिव्हर थांबा-सिग्नलची, पिवळी डिस्टंटची (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलची), काळी सांध्यांची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांची), निळी सांध्यांच्या कुलपाची, तपकिरी फाटकाची. पांढरी लिव्हर म्हणजे आता तिला काहीच जोडलेलं नाही. या पांढऱ्या लिव्हर न विसरता मोजा. चोवीसच्या रांगेत चौदा पांढऱ्या दिसल्या तर एकेकाळी या यार्डात किती सायडिंग आणि सिग्नल होते याचा अंदाज तिथेच मिळतो, आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहायला आधार होतो. लिव्हरवरचा क्रमांक आणि तिचा रंग, दोन्ही एकाच ओळीत लिहा.

एकेरी लाइनवर गाडी सोडायची पद्धत आपल्याकडच्या जुन्या लोकांना चटकन समजेल. आपल्याकडे नीलच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, इथे धातूची कांडी निघते. तिला स्टाफ म्हणतात. दोन स्थानकांतली दोन यंत्रं तारेने जोडलेली असतात. एका बाजूच्या केबिनवाल्याने घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनी विचारायचं, दुसऱ्याने आपल्याकडची कळ दाबून धरायची, तेव्हाच पहिल्या यंत्रातून एक कांडी सुटते. ती बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरी निघत नाही. कांडीवर त्या दोन स्थानकांची नावं कोरलेली असतात, आणि तिच्या कड्यांची ठेवण अशी असते की शेजारच्या टप्प्याच्या यंत्रात ती बसतच नाही. चालकाच्या हातात कांडी नसेल तर गाडी त्या टप्प्यात जात नाही.

बिघडतं कुठे? एका दिशेने जास्त गाड्या गेल्या, खास गाड्या धावल्या, तर कांड्या एका टोकाला साठतात आणि दुसरं यंत्र रिकामं होऊ लागतं. मग तंत्रज्ञ येऊन नोंद करून त्या हलवतो. तार तुटली किंवा बॅटरी गेली तर यंत्र बंद पडतं. त्या वेळी नेमलेला माणूस, पायलटमन, प्रत्येक गाडीसोबत जातो किंवा तिला स्वतः परवानगी देतो. असा दिवस तुमच्या नशिबी आला तर तो तपशिलाने लिहून ठेवा: गाडी किती मिनिटं थांबली, कांडीची देवाणघेवाण फलाटाच्या कुठल्या टोकाला झाली, हातोहात की कांडी अडकवलेल्या कडीने. नवं सिग्नलिंग आलं की नियमपुस्तक अभिलेखागारात सापडेल, पण ही देवाणघेवाण प्रत्यक्षात कशी चालायची ते पाहणाऱ्यांच्या वहीतच मिळेल. आणि एक शिष्टाचार: घंटा वाजत असताना केबिनवाल्याला प्रश्न विचारू नका.

स्थानकांच्या इमारतींत प्रत्येक जुन्या कंपनीची शैली ओळखू येते. डन्डॉक स्थानक 1894 चं, ग्रेट नॉर्दर्नचे अभियंते विल्यम हेमिंग्वे मिल्स यांच्या हातचं, रंगीत विटांचं. ह्यूस्टनची इमारत सँक्टन वूड यांची, 1840च्या दशकातली, आणि तिचं तोंड पाहून हा राजवाडा आहे की स्टेशन असा प्रश्न पडावा. कॉर्कच्या केंट स्थानकाचा फलाट चांगलाच वळलेला आहे आणि आत 36 क्रमांकाचं जुनं वाफेचं इंजिन ठेवलेलं आहे. यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. दुर्लक्ष होतं ते लहान वस्तूंकडे: बाकाच्या ओतीव पायांवरची कंपनीची आद्याक्षरं, पादचारी पुलाच्या जिन्याजवळची कारखान्याची पट्टी, छपराच्या झालरीची नक्षी, सायडिंगमधल्या बुलहेड प्रकारच्या रुळांना धरून ठेवणाऱ्या ओतीव चेअरवरचं (बैठकीवरचं) साल. लिफ्टवाले नवे पादचारी पूल येतात तेव्हा पट्टीसकट जुना पूल जातो. लिफ्ट हवीच, त्याबद्दल वाद नाही. पट्टी मात्र त्याआधी वाचून ठेवा.

रूळसुद्धा वाचता येतो. त्याच्या उभ्या भागावर उठावदार अक्षरांत कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार किंवा वजन, साल, आणि कधी कधी महिना दाखवणाऱ्या रेघा असतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फलाटावरून झूम केलं की अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी ती नाहीशी होतात. मुख्य लाइनचे रूळ बदलले गेलेले असतात, तेव्हा जुनी सालं शोधायची ती सायडिंगमध्ये.

गेजबद्दल (दोन रुळांमधल्या अंतराबद्दल) मराठी लिखाणात एक चूक वारंवार दिसते. आयरिश रेल्वेला ‘ब्रॉडगेज’ म्हटलं की वाचणारा आपलं 1676 मिलिमीटर समजतो. आयरिश गेज 1600 मिलिमीटर, म्हणजे 5 फूट 3 इंच, आपल्यापेक्षा 3 इंच कमी. वेस्ट क्लेअर, डोनेगॉल, ट्रॅली–डिंगल या गेलेल्या नॅरोगेज लाइन 914 मिलिमीटरच्या होत्या, तर आपलं माथेरान 610 चं. आकडा लिहिला की प्रश्न मिटतो. दुसरीकडे एक खरं साम्य आहे. 1984 साली सुरू झालेली डार्ट 1500 व्होल्ट डीसीवर चालते, आणि मुंबईची लोकल 1925 पासून 2016 पर्यंत त्याच दाबावर धावली. मुंबईतली डीसीची जुनी सामग्री ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना डार्टच्या वायरचे आणि इन्सुलेटरचे तपशील इतरांपेक्षा चांगले टिपता येतील.

डार्टचा विस्तार मेनूथकडे होणार आहे आणि त्याला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रॉयल कॅनॉलच्या बाजूची सहा फाटकं बंद व्हायची आहेत: अ‍ॅशटाउन, कूलमाइन, पोर्टर्सटाउन, क्लॉनसिला, बार्बर्सटाउन, ब्लेकस्टाउन. वायरसाठी उंची लागते म्हणून काही जुन्या दगडी कमानींवरही काम होईल. डब्लिनमध्ये राहणाऱ्यांनी ही सहा फाटकं आपसांत वाटून घ्यावीत. प्रत्येकी एक पूर्ण तास द्या: घंटा सुरू झाली ती वेळ, अडथळा पूर्ण खाली आला ती वेळ, गाडी आली-गेली ती वेळ, अडथळा उठला ती वेळ, आणि रस्त्यावर किती वाहनं थांबली. गर्दीच्या वेळी एकदा आणि दुपारी एकदा.

जुन्या फोटोंवर तारीख नसेल तर काही खुणा मदतीला येतात. 1966 साली पंधरा स्थानकांना ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावानंतर मृत्युदंड झालेल्यांची नावं दिली गेली. तेव्हा 1958 च्या फोटोखाली ‘ह्यूस्टन’ लिहू नका, ‘किंग्जब्रिज, आताचं ह्यूस्टन’ असं लिहा. नारिंगी-काळ्या रंगात बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर फोटो साधारण 1987 नंतरचा, म्हणजे आयरिश रेल वेगळी कंपनी झाल्यानंतरचा. लिमरिक जंक्शनला डाऊन बाजूचा फलाट दिसत असेल तर 2019 किंवा पुढचा. त्याआधी डाऊन गाडीलाही लाइन ओलांडून अप बाजूच्या फलाटाला यावं लागे. हे जंक्शन टिपरेरी परगण्यात, लिमरिक शहरापासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. वॉटरफर्डची लाइन इथे मेन लाइनला सपाटीवरच छेदते. ‘लिमरिक’ एवढाच मथळा दिलेला फोटो कुठल्या स्थानकाचा, हे सांगता येत नाही.

बंद लाइनपैकी दक्षिण वेक्सफर्डकडे आधी लक्ष द्या. रॉसलेअर स्ट्रँड ते वॉटरफर्ड ही सेवा 18 सप्टेंबर 2010 नंतर थांबली. ब्रिजटाउन, वेलिंग्टनब्रिज, बॅलिकलेन, कॅम्पाइल ही तिथली स्थानकं. वेलिंग्टनब्रिजला मॅलोच्या साखर कारखान्यासाठी बीट भरलं जायचं, 2006 मध्ये तो कारखाना बंद झाला आणि लाइनचा आधार गेला. बॅरो नदीवरचा 1906 चा लांबलचक पूल याच लाइनवर आहे, जहाजांसाठी फिरणाऱ्या गाळ्यासह. जुलै 2024 च्या अखिल-आयर्लंड रेल्वे आढाव्याने ही लाइन पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली आहे. म्हणूनच आजची स्थिती कागदावर हवी: कुठे झाडोरा रुळांवर आला आहे, कुठल्या फाटकावर डांबर टाकलं आहे, कुठल्या मोरीतून पाणी तुंबतं. हे सगळं रस्त्यावरून आणि ओबी पुलांवरून पाहायचं. गाड्या बंद असल्या तरी रूळ रेल्वेच्या मालकीचे आहेत, त्यांच्यावर चालत जाणं हा अपराध आहे आणि कुजलेल्या स्लीपरवर पाय मोडतो तो वेगळाच. चालायचंच असेल तर वॉटरफर्ड–डंगार्व्हन ग्रीनवे आहे, 46 किलोमीटर, बोगदा आणि कमानींच्या पुलांसह, पूर्वीच्या रेल्वेमार्गावरूनच गेलेला.

पावसाळी दिवसांत लिमरिक–एनिस टप्प्यावर बॅलीकार इथे रुळांवर पाणी येतं. तिथली नोंद ‘पूर आला’ एवढ्यावर सोडू नका. पाणी खडीत आहे, स्लीपर बुडाले आहेत की रुळाचा माथा दिसेनासा झाला आहे, या तीन पायऱ्यांपैकी कुठली ते तारीख-वेळेसह लिहा.

नोंद टिकवायची कशी? मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि त्यात दडलेली तारीख-जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव सालापासून सुरू करा: साल-महिना-दिवस, लाइन, स्थानक, मैल. स्थानकाचं नाव पाटीवर आहे तसं, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही उतरवा, कारण अभिलेखागारात शोध त्याच स्पेलिंगने लागतो. टिपण मराठीत ठेवा, पण सोबत इंग्रजीत चार ओळींचा सारांश जोडा. 1946 पासून काम करणाऱ्या आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीकडे ग्रंथालय आणि अभिलेख आहेत, तिथल्या जाणत्यांना तुमची टिपणं वाचता आली पाहिजेत. द्यायच्या आधी पत्र लिहून त्यांना कशा स्वरूपात हवं ते विचारा आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. फ्लॅश वापरू नका, पिवळ्या रेषेच्या आत राहा, कर्मचाऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

सुरुवात नीना लाइनपासून (वर सांगितलेल्या बॅलीब्रोफी–लिमरिक लाइनपासून) करायला आम्ही सुचवतो. पहिल्या फेरीत रॉस्क्रे, नीना, बर्डहिल या तिन्ही केबिनच्या लिव्हरची रंगवार यादी झाली तरी खूप झालं. ज्यांना जमेल त्यांनी यादी करून एकमेकांना दाखवावी. एकाच केबिनची दोघांनी स्वतंत्रपणे केलेली यादी जुळली नाही तर तिसऱ्याने जाऊन पाहावं.

आपले,
आयरिश रेल्वेच्या नोंदी ठेवणारे काही मराठी रेल्वेप्रेमी